बसायचं तर शेंगा घेऊन

परवा कॉलेजातली एक मुलगी माझ्याकडं आली होती. तिला मोठीमायवर काहीतरी लिहायचं होतं. समोर मांडी घालून, पेनाचं टोपण काढून तिनं विचारलं, "आज्जी, गयाबाईंच्या संघर्षाची नेमकी पद्धत काय होती?" मी म्हटलं, "बसणं." ती पेन धरून थांबली. मग म्हणाली, "आणि?" मी म्हटलं, "आणि शेंगा फोडणं." पोरगी शिकलेली होती. तिनं हसू आवरलं आणि मला चहा घेणार का विचारलं, माझ्याच घरात. तिला वाटलं असेल, म्हातारी भरकटली. म्हातारी भरकटते हे खरं आहे, पण त्या दिवशी भरकटली नव्हती.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. वडलांना आम्ही दादा म्हणायचो आणि आईला माय. थोरले चुलते माझ्या जन्माआधीच गेले, लेकरूबाळ नव्हतं. गयाबाईनं आता माहेरी जावं असं चार शहाण्यांनी ठरवलं, तर ती उंबऱ्यात जाऊन बसली. शहाण्यांनी संध्याकाळपर्यंत समजूत काढली आणि आपापल्या घरी गेले. मोठीमाय आत आली, तिनं भाकरी खाल्ली आणि ती आमच्याकडंच राहिली. तिचं पहिलं बसणं ते. पुढं तिच्या कामाबद्दल जे काही बोललं जातं, त्याचा कित्ता आमच्याच उंबऱ्यावर गिरवला गेला, हे मला सभेत कधी सांगू देत नाहीत. वेळ कमी असतो म्हणे.

लोहाऱ्याहून माकणीकडं जाताना आमचं गाव लागायचं. गावाच्या खालच्या अंगाला आमची गल्ली. तिला तेव्हा लोक जे म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही. भूकंपानंतर सगळं गाव उठून माळावर गेलं, आता तिथं आमच्या वाट्याला एक कमान आहे आणि कमानीवर 'नगर' असं लिहिलंय. जुनं घर दोन खणांचं, दगडमातीचं, वर पत्रा. पहाटे डाळीच्या लहान जात्याची घरघर, मग उखळाचा धप्प धप्प आवाज, मग सिद्रामआप्पाच्या हाटेलापुढं यष्टीचा हॉर्न. एवढ्यात आमचा दिवस उजाडायचा. सकाळी भाकरी आणि कारळ्याची चटणी, रात्री भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठाची, आमटी. माय ती आमटी इतकी पातळ करायची की तीत तोंड दिसायचं. मी तेव्हा तोंड बघण्याच्याच वयात होते, त्यामुळं माझी तक्रार नव्हती.

दाराशेजारी भिंतीत एक खुंटी होती आणि खुंटीवर पोत्याचं तरट. शाळेतून आले की मी आधी खुंटीकडं बघायची. तरट जागेवर असलं तर मोठीमाय घरात आहे. नसलं तर ती कुठंतरी बसली आहे, आणि भाकरी घेऊन मला जायचं आहे. ती आडावर बसली होती, शाळेच्या ओट्यावर बसली होती, तालुक्याच्या तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर तर इतकी बसली होती की नवे कारकून तिला कचेरीतलीच समजायचे. घोषणा नाहीत, फलक नाही. तरट अंथरायचं, बसायचं, कशासाठी बसलोय ते एकदा सांगायचं आणि मग तोंड बंद.

पण रिकामं बसणं मायला मान्य नव्हतं. "बसायला ती अन् राबायला म्या," हे ती दिवसातून एकदा तरी म्हणायची, भांडण म्हणून नाही, वेळ सांगावी तसं. उन्हाळ्यात पेरणीच्या आधी गावातली माणसं बियाण्याच्या शेंगा फोडायला आमच्या गल्लीत द्यायची. माय त्यातल्याच शेंगा सुपात भरून मोठीमायच्या हातात द्यायची. "बसायचंय व्हय? बस. पर शेंगा घिऊन बस." शेंगांचा हंगाम नसला तर चिंचा फोडायला द्यायची. म्हणजे मोठीमाय ज्यांच्या दारात बसायची, शेंगा बहुतेक वेळा त्यांच्याच असायच्या. तिनं त्यातला दाणा कधी तोंडात टाकला नाही आणि टरफलं कधी मागं सोडली नाहीत. उठताना पदरात गोळा करून आणायची. गावाला मात्र त्या आवाजाची धास्ती बसली होती. कट्, कट्, कट्. नुसतं तरट आलं तर लोक म्हणायचे, जाईल उठून. शेंगा आल्या की म्हणायचे, आता काही खरं नाही.

हाटेलची गोष्ट सांगायलाच हवी. यष्टीच्या थांब्यावर सिद्रामआप्पाचं हाटेल. आत बाकं आणि चिनी मातीचे कप. बाहेर लिंबाच्या झाडाला एक खिळा, त्याला आमच्या लोकांसाठी कानतुटके कप लटकवलेले. आपला कप आपण काढायचा, आप्पा वरून चहा ओतणार, आपण उभ्यानं प्यायचा, आपणच विसळून परत लटकवायचा. एके दिवशी मोठीमायनं आत जाऊन भट्टीच्या पुढं तरट अंथरलं आणि म्हणाली, "आप्पा, चहा द्या. आतल्या कपात." आप्पा म्हणाला, "गयाबाई, उगं का धंद्याच्या वक्ताला?" ती शेंगा फोडायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गिऱ्हाईक तिला वळसा घालून ये-जा करायचं. तिकडं गावच्या गिरणीत आमचं दळण बंद झालं, दादांचं काम सुटलं, मायनं अडगळीतलं मोठं जातं बाहेर काढलं आणि तोंडानं काही न बोलता ते इतक्या जोरात ओढलं की पीठ रव्यासारखं पडायला लागलं. मग एका दुपारी गिऱ्हाइकातल्या एकानं भट्टीवरचं उकळतं पाणी मोठीमायच्या पायावर ओतलं. मी तेव्हा तिथं भाकरी घेऊन उभी होते. मोठीमायनं आधी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं, बियाणं भिजू नये म्हणून. आप्पा घाबरून आत पळाला आणि खोबरेल तेल घेऊन आला. गडबडीत हाताला येईल त्यात आणलं; आतल्या कपात. तिनं तेल पायाला लावलं, कप पालथा करून शेवटचा थेंब काढला आणि त्याच्यापुढं धरला. "आता ह्याच्यात चहा द्या." आप्पानं तो धुतला आणि चहा दिला. ती प्याली. म्हणाली, "साकर जास्ती झाली."

तिच्या बहुतेक विजयांमागं असं काहीतरी घरगुती कारण असायचं. भैरोबाच्या जत्रेत आमची माणसं आपापली ताटं घेऊन सगळ्यांच्या शेवटी जेवायची. ती पहिल्या पंगतीत जाऊन बसली. वाढपी तिचं पान ओलांडून पुढं गेले. दुसरी पंगत बसली, तिसरी बसली, ती तिथंच. पत्रावळीवर टरफलांचा ढीग. शेवटी आचाऱ्यानंच वाढलं, कारण त्याला कढई घासून दुसऱ्या गावी जायचं होतं. इतिहासात हे येत नाही. इतिहासात 'अखेर गावाला नमावं लागलं' असं येतं.

त्या रात्री माय तिला म्हणाली, "झालं का मग आता? संपलं का तुजं बसणं?" मोठीमाय पायाला तेल चोळत होती. म्हणाली, "एक ऱ्हायलंय, तारा. त्यांच्या पंगतीत आपून बसलाव. आता आपल्या पंगतीत ती माणसं बसली, तुज्या हातची हुग्गी खाल्ली, की मी उठले." हुग्गी म्हणजे कुटलेल्या गव्हाची गुळातली खीर, कर्नाटकच्या अंगानं आमच्याकडं आलेली. माय ती अशी करायची की भांडं घासायला कुणालाच सांगावं लागत नसे. माय म्हणाली, "ती कशाला येतेत हितं?" मोठीमाय म्हणाली, "बघू की."

आता माझ्याकडं वळते, कारण ह्या सगळ्यात सगळ्यात शहाणी मीच होते. मी अकरावीला लोहाऱ्याला जात होते आणि वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. उत्तेजन जरा जास्तच झालं. मी घरात मीठ मागतानाही हात वर करत होते. मोठीमायचं सगळं आयुष्य मला मागासलेलं वाटायचं. एकदा तिला मी समजावून सांगितलं, "मोठीमाय, बसून क्रांती होत नसते."

"मग कशी होती, बाय?"

"उभं राहावं लागतं. पेटून उठावं लागतं."

"उभारलं की पाय दुखतेत," ती म्हणाली. "अन् उभारलेल्या माणसाला हाकलाया सोपं. जरा धाक दावला की जातंय. बसलेल्याला उचलावं लागतंय. अन् उचलायचं म्हंजी शिवावं लागतंय. मला कोण शिवतंय?"

एवढं बोलून तिनं माझ्या पुढ्यात सूप सरकवलं आणि म्हणाली, जरा हात लाव. मी हात लावला नाही, मला पाठांतर होतं. आणि तिचं ते वाक्य मी कुठल्याच भाषणात घेतलं नाही. मला ते फार साधं वाटलं. त्यात मशाल नव्हती.

मोठीमाय एका उन्हाळ्यात ताप येऊन गेली. झोपेतच गेली, आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखादं काम आडवं होऊन केलं. मायनं तरट धुऊन, वाळवून परत खुंटीवर लावलं. शाळेतून आल्यावर मी खुंटीकडं बघायची. तरट जागेवर असायचं. त्यानंतर बरेच दिवस मी घरात शिरताना खालीच बघत होते.

वर्ष भरत आलं तेव्हा गावानं तिच्या नावानं कार्यक्रम करायचं ठरवलं. आता आडावर, हाटेलात, जत्रेत ती परत येऊन बसणार नव्हती, त्यामुळं ती थोर होती हे मान्य करायला गावाला अडचण नव्हती. शिवाय धाराशिवहून मोठे पाहुणे येणार होते. दादा सरपंचांकडं गेले. म्हणाले, "नाना, कार्यक्रम गावाचा, पर जेवण आमच्या गल्लीचं. वैनीची तेवढीच विच्छा होती." सरपंच नाना वाईट माणूस नव्हते. पडायचं कुणाच्याच बाजूनं नाही, एवढाच त्यांचा स्वभाव. "का न्हाय, का न्हाय," ते म्हणाले. "पाव्हण्यांना कवा जमतंय ते बघून वार धरू." पाहुण्यांना मंगळवार जमला.

दादांनी घरी येऊन वार सांगितला तेव्हा मायचा हात परातीत थांबला. "मंगळवार?" तिनं विचारलं. मंगळवार म्हणजे तुळजापूरच्या देवीचा वार. आमच्या भागात निम्मं गाव त्या दिवशी उपास धरतं आणि उरलेल्या निम्म्याला वेळ पडली तर धरता येतो. दादा म्हणाले, "दुसरा वार मागू का?" माय म्हणाली, "नगं. दुसऱ्या वाराला दुसरं काय तरी निघंल." आणि तिनं सगळ्या गावाला पुरेल एवढे गहू भिजत घातले. मग गल्लीतल्या बाया आणि आमचं उखळ. धप्प, धप्प, दिवस दिवस. मायच्या तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. मी शेजारी बसून भाषण पाठ करत होते आणि उखळाच्या आवाजानं माझी लय तुटते म्हणून तिला जरा थांबायला सांगत होते. तिनं मुसळ माझ्या डोक्यात का घातलं नाही, हे मला आजही समजलेलं नाही.

मोठीमायचा फोटो कुणाकडंच नव्हता. फोटोवाल्यासमोर मात्र ती कधी बसली नव्हती. म्हणून जीपच्या मागं वाघ काढणाऱ्या लोहाऱ्याच्या पेंटरला काम दिलं. दादांनी वर्णन सांगितलं, त्यानं चित्र आणलं. गोरीपान बाई, लालचुटूक ओठ. माय बघून म्हणाली, "ही कोण बया?" दादा बराच वेळ बघून म्हणाले, "डोळे वाघाचे काढलेत." माय जवळ गेली, तिनं परत बघितलं आणि म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या."

मंगळवारी गल्लीच्या तोंडाशी विरळ पाल्याचा मांडव घातला, निम्मं ऊन आतच. आत चुलवणावर हुग्गी रटरटत होती, वेलदोड्याचा वास पार यष्टीच्या थांब्यापर्यंत गेला होता. मांडवाच्या तोंडाला भाषणाचा छोटा मंच, शेजारी टेबलावर चित्र, आणि चित्राच्या पुढं जमिनीवर मोठीमायचं तरट अंथरून त्यावर झेंडूची फुलं. मायला ते पसंत नव्हतं. फुलांचा डाग पडतो म्हणाली. पाहुणे आले, हार घातला, गयाबाईंना 'माऊली' म्हणाले आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. मग मी उठले. लोहाऱ्याच्या मावशीचं नायलॉनचं गोल पातळ मी नेसले होते, आयुष्यात पहिल्यांदा. पातळ गुळगुळीत आणि मी काटकुळी, त्यामुळं दोघींचं फारसं जमत नव्हतं. भाषणात मी मोठीमायला आधी मशाल म्हटलं, मग ज्वाला, मग वणवा. भर उन्हाळ्याची दुपार होती. लोक टोप्यांनी वारा घेत होते. वणव्यानंतर मी लाव्ह्यावर गेले तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून सावलीत गेला. तिला जेवणाची पंगत हवी होती, हे माझ्या भाषणात कुठंच नव्हतं. त्यात जागा नव्हती.

भाषण संपलं. माय आतून पदर सावरत आली. तिला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. हात जोडून म्हणाली, "पानं मांडलेत. बसा समदे."

कुणीच हललं नाही. मग सरपंच घसा साफ करून म्हणाले, "ताराबाई, लई केलाव तुमी. पर आज मंगळवार की ओ. देवीचा उपास."

"ठाव हाय, नाना," माय म्हणाली. "भगर बी केलीया. शेंगदाण्याची आमटी हाय. उपासाचं येगळं पातेलं ठिवलंय."

हे सरपंचांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "तसं न्हाय. माजा निरंकार असतोय."

निरंकार म्हणजे पाण्याशिवाय तोंडात काही घ्यायचं नाही. तेव्हा आम्हाला कळलं की सगळ्या गावाचाच निरंकार आहे. ज्याच्याकडं बघावं तो मान हलवायचा. सिद्रामआप्पाच्या तोंडात पान होतं. त्यानं ते गालात सरकवलं आणि त्यानंही मान हलवली. लोक उठायला लागले. "लई झ्याक झालं बरं का," असं मायला सांगत, चपला शोधत. माय हात जोडूनच उभी होती. हात सोडायचे कधी ते तिला समजत नव्हतं. हातावरचे फोड दिसत होते.

मला राग आला. असा राग आला की आता काहीतरी ज्वलंत बोलायचं म्हणून मी मंचावरून उडी मारली. पाऊल निऱ्यांत गेलं. कमरेपाशी काहीतरी सैल झालं आणि सगळं नायलॉन मला सोडून निघालं. माणसांनी भरलेला मांडव, आणि मी. दुसरा इलाजच नव्हता. मी होते तिथं खाली बसले, पातळ दोन्ही हातांनी आवळून. खाली तरट होतं. झेंडूच्या फुलांवर, मोठीमायच्या तरटावर, मांडवाच्या बरोब्बर तोंडाशी मी बसले होते, लाजेनं लालबुंद, मान खाली घालून.

चपला शोधणारी माणसं थांबली.

"बसली," कुणीतरी म्हणालं.

"आता ही बसली का?"

माझ्या दोन्ही बाजूंना टेबल आणि खांब, बाहेर पडायचं तर माझ्या अंगावरून. सरपंच म्हणाले, "अगं पोरी, ऊठ. उठवा रे तिला कुणीतरी." कुणी पुढं झालं नाही. सरपंचही झाले नाहीत. उचलायचं म्हणजे काय करावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच तेवढं उशिरा आठवलं.

माय आली. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं, मला पाठीशी घालून पदराचा आडोसा केला, स्वतःच्या झंपरची पिन काढून माझ्या निऱ्यांना लावली आणि कानाशी म्हणाली, "झालं. ऊठ आता, बाय. जाऊं दे त्यांला."

पिन पक्की बसली होती. पातळ जागेवर होतं. मी उठू शकत होते. समोर माणसांचे पाय दिसत होते, सगळे मांडवाबाहेर वळलेले. पाठीमागं हुग्गी रटरटत होती. मायची बोटं अजून माझ्या कमरेपाशी होती आणि त्यांना हळदीचा नि तेलाचा वास येत होता. मी उठले नाही. बोललेही नाही. बोलायला खरंच काही आठवत नव्हतं, एवढं मोठं पाठांतर असून.

मायनं माझ्याकडं बघितलं. मग ती आत गेली, आणि मला वाटलं ती रागावली. ती आली ती सूप घेऊन. शेंगांनी भरलेलं सूप तिनं माझ्या मांडीपुढं ठेवलं आणि नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बसायचंय व्हय? मग रिकामी बसू नगं."

मी शेंग उचलली. कट्. दुसरी उचलली. मला नीट फोडताही येत नव्हती, दाणा मोडत होता. पण आवाज तोच. कट्.

"शेंगा आल्या," सिद्रामआप्पा म्हणाला.

त्यानं बाजूला जाऊन पान थुंकलं, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "मी सांगतो तुमाला," तो लोकांना म्हणाला, "माज्या हाटेलात ही गोष्ट झालीया. ह्या घरातली बाई शेंगा घिऊन बसली की उठत न्हाय. आज न्हाय, उद्या न्हाय. तुमी उगं उनात उभारून काय करायलाव? अन् अन्न निवायलंय तिकडं." मग तो माझ्या बाजूनं आत वळला, पंगतीत पहिल्या पानावर जाऊन बसला आणि मायला म्हणाला, "ताराबाई, भगर नगं. हुग्गी वाढा. उपास म्या फुडल्या मंगळवारी धरतो."

मायनं वाढलं. हुग्गीचा थेंबही पानाबाहेर सांडला नाही. आप्पानं पहिला घास घेतला, डोळे मिटले. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. तो म्हणाला, "गूळ बेतात हाय."

मग एक म्हातारा बसला, तोच सावलीत गेलेला. मग त्याच्या शेजारचा. मग पोरं, पोरांना उपास नव्हताच. सगळं गाव बसलं असं मी म्हणणार नाही. आता भाषणांत म्हणतात, पण मी तिथं होते. काहीजण टेबलाच्या कडेनं अंग चोरून निघून गेले आणि पुढं कित्येक वर्षं त्या पंगतीचा विषय निघाला की त्यांना खोकला यायचा. सरपंच नाना जेवायला बसले नाहीत आणि गेलेही नाहीत. खांबाला टेकून, "इकडं वाढा, तिकडं वाढा," असं शेवटपर्यंत ओरडत राहिले, जणू त्यांच्याच घरचं कार्य. निघताना हळूच म्हणाले, "आईसाठी जरा द्रोणात द्या. म्हातारं माणूस हाय." मायनं द्रोण गच्च भरून दिला. तो द्रोण दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या वळणावर सापडला, चाटून पुसून स्वच्छ. म्हातारी आई काही तिथपर्यंत चालत आली नसावी.

मी सुपातल्या शेंगा संपेपर्यंत बसले होते. त्यानंतर माय आली, माझ्यासमोर पान ठेवलं, आणि आधी टरफलं गोळा करायला लावली. त्या रात्री तरट खुंटीवर लावताना ती त्यावरचा झेंडूचा पिवळा डाग नखानं खरवडत होती. "म्या म्हनलं हुतं, डाग पडंल," एवढंच म्हणाली. डाग शेवटपर्यंत गेला नाही.

ती पंगत अजून होते, माळावरच्या नव्या गावात, दरवर्षी. मंगळवार आला तर मंगळवारी. कमानीशेजारी आता मोठीमायचा पुतळा आहे. उभा आहे, एक हात वर. मी समितीला म्हटलं होतं की बाई उभी नसायची. ते म्हणाले, आज्जी, बसलेला पुतळा लांबून दिसत नाही. मला मंचावर खुर्ची देतात, शाल देतात, आणि माईकपासून जरा लांब ठेवतात. डॉक्टरांनी मांडी घालून बसायला साफ बंदी केली आहे, गुडघे गेलेत. भाषणं संपली की मी खुर्चीवरून उतरते आणि खाली, पंगतीच्या तोंडाशी, तरटावर बसते. सून डोळे वटारते. हातात मूठभर शेंगा असतात, तेवढ्या फोडते, जेवते, आणि मग मला उठता येत नाही. उचलावं लागतं. एका बाजूनं सिद्रामआप्पाचा नातू काखेत हात घालतो, दुसऱ्या बाजूनं नानांची नातसून, आणि दोघं "एक, दोन, तीन" म्हणून जोर लावतात. "आज्जी, वजन कमी करा की ओ," ती पोरगी दरवर्षी म्हणते.

वजन माझं फार नाही. मी मुद्दाम अंग जड करते.